क्षमा मिळणेबाबत

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

सकाळी ट्रॅक्टर, फवारणीचा ब्लोअर, छाटणीच्या कात्र्या आणि माझी पदकं, सगळ्यांची पूजा केली. फौजेतनं सुभेदार होऊन उतरलो त्याला चौदा वर्षं झाली, तरी पदकांवर झेंडू ठेवल्याशिवाय मला दसरा वाटत नाही. क्रांती, म्हणजे आमची मंडळी, दरसालचं बोलली, "ब्लोअरनं बाग वाचतीया. पदकांनी काय वाचतंय?" सणासुदीचं म्हणून सोडून दिलं.

दुपारी पोळ्यांचं ताट पुढं असताना शिवतेज म्हणाला, "पप्पा, पलूसच्या स्थळाला नको म्हणून कळवा. मला कुठल्याच मुलीशी लग्न करायचं नाही. मला मल्हार आवडतो."

मी म्हणालो, "मला पण आवडतो की. लय गुणाचं पोरगं."

मल्हार आष्ट्याचा. माती-पाणी तपासायची त्याची लॅब आहे. आमचा शिवतेज द्राक्षसल्लागार, म्हणजे लोकांच्या बागा हिंडून कुठला फवारा कधी मारायचा ते सांगतो. पाच वर्षं दोघं एकाच गाडीवर हिंडतायत. त्या मल्हारला मी स्वतः दोन स्थळं सुचवली होती.

"तसं नव्हे," शिवतेज म्हणाला. "नवरा-बायकोचं असतं तसं."

मी क्रांतीकडं बघितलं. ती आमटी वाढत म्हणाली, "मला दोन वर्सं झाली ठावं हाय." ह्या घरात बातमी मला सगळ्यात शेवटी कळते. म्हैस गाभण राहिलेलीसुद्धा.

राग आला, हे खरं. त्याच्यापेक्षा भ्या जास्त वाटलं, हे फक्त इथं लिहितो. एकुलतं एक पोरगं. गावात कळलं तर काय तोंड दाखवायचं? पण आजपर्यंत शेकड्यानं रिक्रूट सरळ केलेत मी. घरचा एक जड जाईल असं वाटत नाही.

१५ ऑक्टोबर

सांगलीला मोठ्या डॉक्टरणीकडं नेलं, डॉ. आम्रपाली म्हणून आहेत. बाहेर एवढी गर्दी होती की म्हटलं, बाईंच्या हाताला गुण असणार. शिवतेज मुकाट्यानं आला, म्हणाला, "तुम्हाला डॉक्टरकडूनच ऐकायचं असेल तर ऐका."

बाईंनी अर्धा तास त्याच्याशी गप्पा मारल्या. मग मला आत बोलावलं. "ह्याला औषध नाही, कारण हा आजारच नाही. कुणी औषध देतो म्हणालं तर त्याच्याकडं नेऊ नका. अशी ट्रीटमेंट देणं आमच्या नियमात गैरवर्तन धरतात. मुलगा ठणठणीत आहे. तुम्हाला झोप लागते का?"

खरं सांगायचं तर तीन रात्री लागली नव्हती. बाईंनी मलाच गोळी लिहून दिली! पोराला दाखवायला गेलो आणि पेशंट होऊन आलो. एवढं शिकून 'औषध नाही' म्हणायचं असेल तर आमचा गुरव बरा.

१९ ऑक्टोबर

गुरवाकडंच गेलो. मी बुवाबाजीतला नाही. पण भैरोबा आपलं दैवत आहे, त्याला विचारायला हरकत नाही.

आमच्यात कौल लावतात. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली की होय, डावी पडली की नाही. अडचण एवढीच की प्रश्न मोठ्यानं विचारावा लागतो, आणि माझ्या मागं बोअर कुठं मारू विचारायला तिघं उभे होते.

मी म्हणालो, "पोराचं ते काम हाती घेऊ का?"

"कसलं काम?" सिद्धू गुरवानं विचारलं.

"वैयक्तिक आहे."

"देवाला वैयक्तिक कळत न्हाई सुभेदार. इस्कटून सांगा."

मी इस्कटून सांगितलं नाही. डावी पडली. दुसऱ्यांदा लावला, परत डावी. म्हटलं, फौजेत तीन चान्स असतात. गाभाऱ्यात लय उकडत होतं म्हणून सिद्धूला पंखा लावायला सांगितला, आणि तिसऱ्यांदा उजवी पडली. देवानं कबूल केलं. मागचे तिघं हसत होते, का ते समजलं नाही.

२७ ऑक्टोबर

क्रांतीचा भाऊ रविराज आला होता. कराडात मास्तर आहे. हा माणूस कुठलीही गोष्ट माहीत नाही असं म्हणत नाही. त्याला मी सगळं सांगितलं, आणि त्याला नवल वाटलंच नाही.

"दाजी, टेन्शनच घेऊ नका. साताऱ्याच्या पुढं डोंगरात नवपालवी संस्कार केंद्र हाय. आपले आचार्य चालवत्यात. सहा आठवड्यांचा कोर्स, पोरगं नवं करून देत्यात."

हे आचार्य आधी वजन कमी करायची पावडर विकायचे. रविराज त्यांचं जुनं गिऱ्हाईक. त्याचं वजन काही कमी झालं नाही, श्रद्धा तेवढी वाढली.

क्रांती आतनं म्हणाली, "पोरगं नवं करायला ते काय जुनं झालंय व्हय?" बाईमाणसाला यातलं काय कळतंय.

शिवतेजला विचारलं. म्हणाला, जाणार नाही. मग मी हत्यार काढलं. म्हटलं, तू जाईपर्यंत अन्नाला शिवणार नाही.

३० ऑक्टोबर

उपोषणाचा तिसरा दिवस. गोठ्यात शेंगांचं पोतं आहे, त्यामुळं तब्येत ठीक आहे.

संध्याकाळी शिवतेज जवळ येऊन बसला. डोळे लाल होते. म्हणाला, "पप्पा, मी जातो. तुम्ही मरू नका. पण सहा आठवडे झाले की हा विषय परत काढायचा नाही. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. कबूल म्हणायला काय जातंय. एवढं मायाळू पोरगं आहे, आणि ह्या एका गोष्टीसाठी हट्टाला पेटलंय बघा. क्रांतीनं रात्री मला भाकरी वाढली तेव्हा ताटाशेजारी शेंगांची मूठभर टरफलं ठेवली.

४ नोव्हेंबर

दिवाळीचा फराळ पिशवीत घालून केंद्रावर सोडून आलो. फराळ त्यांनी गेटवरच काढून घेतला. मोबाइलही घेतला. शिस्त उत्तम. आवार झाडलेलं, भिंतीवर सुविचार. आचार्य पांढऱ्या कपड्यात, बोलणं मधासारखं. दर गुरुवारी एक डॉक्टर येतो म्हणाले. पाटीवर त्याची पदवी त्याच्या नावापेक्षा लांब आहे.

पहाटे चारला थंड पाणी, मौन, मनोबलाचं इंजेक्शन, आणि मनगटाला एक पट्टा. वाईट विचार आला की पट्ट्यातनं हलका झटका बसतो. मी विचारलं, वाईट विचार आला हे पट्ट्याला कसं कळतं? आचार्य म्हणाले, "फोटो दाखवतो ना आपण." कुणाचे फोटो, हे मी विचारलं नाही.

एक फॉर्म होता, त्यावर सही केली. लय बारीक अक्षर होतं आणि चष्मा गाडीत राहिला होता.

निघताना शिवतेज गेटच्या आत उभा होता. मी कडक सॅल्यूट ठोकला. त्यानं हात जोडले. पहिल्या दिवशी सगळ्याच रिक्रूटांना घरची आठवण येते, आम्हीसुद्धा उशीत तोंड घालून रडलोय. कुठं मेलो?

२४ नोव्हेंबर

भेटायला परवानगी नाही. पंधरा दिवसांतनं दोन मिनिटं फोन. आज क्रांतीनं घेतला. स्पीकर लावला होता.

"जेवलास का बाळा?"

"होय आई."

"थंडी वाजती का?"

"होय आई."

"तुला मारत्यात का रं?"

तिथं लाइन गेली. डोंगरात रेंज नसतेच. क्रांती फोन हातात घेऊन उभीच राहिली. मला मात्र त्याच्या आवाजात फरक वाटला. पूर्वी एका प्रश्नाला दहा उत्तरं देऊन वाद घालायचा. आता मोजकं बोलतो.

१६ डिसेंबर

पोरगं घरी आलं! त्याआधी केंद्रावर 'क्षमादान सोहळा' झाला. सगळे आईबाप खुर्च्यांवर, पोरं खाली. पोरांनी आईबापांचे पाय धुवायचे, "माझं चुकलं, क्षमा करा" म्हणायचं, आणि आपण डोक्यावर हात ठेवून "क्षमा केली" म्हणायचं. मागं बासरी लावली होती. बारा जोडपी होती, त्यात एका मुलीचे आईबाप तर हुंदके देऊन रडत होते. मुलगी रडत नव्हती.

मी पाय पुढं केले. पाणी गरम होतं, व्यवस्था चांगली. "क्षमा केली," मी खणखणीत म्हणालो. मन कसं हलकं झालं. मोठ्या मनाच्या माणसालाच क्षमा करता येते, असं आचार्य म्हणालेच.

क्रांतीनं पाय साडीत ओढून घेतले. "माझ्या पोरानं माझं काय बी घोडं मारल्यालं न्हाई. पाय कशाला धुवायचं?" आचार्यांनी समजावलं, रविराजनं समजावलं. ही ढिम्म. शेवटी तिची खुर्ची फोटोतनं काढायला लावली. चारचौघांत घालवली माझी.

व्हिडिओ भावकीच्या ग्रुपवर टाकला. पोरगं संस्कार शिबिराला गेलं होतं असं लिहिलं. एकसष्ट अंगठे आले.

२२ डिसेंबर

सुधारलंय म्हणजे किती सुधारलंय! पहाटे चारला उठून अंगावर गार पाणी घेतं आणि पडवीत ताठ बसून राहतं. हाक मारली की उभं राहतं. जे सांगू त्याला "होय पप्पा". पंचवीस वर्षं फौज चालवली, असा जवान बघितला नाही.

हात जरा थरथरतात. डिसेंबरची थंडी, दुसरं काय. मनगटावर काळे डाग आहेत, मला दिसले. केंद्रातनं आणलेल्या गोळ्यांचा डबा आहे, त्याच्यावरचं लेबल खरवडलंय. क्रांती म्हणते, गोळ्या बंद करा. मी म्हणालो, कोर्स अर्धवट सोडला तर रोग उलटतो, फवारणीसारखं आहे ते.

मल्हार आला होता. मी पुढं होऊन अडवणारच होतो, गरज पडली नाही. शिवतेजनं मल्हारला बघितलं आणि तिथंच, पायरीवर, ओकला. मल्हार पांढरा पडला. माझ्याकडं बघून म्हणाला, "काका, काय केलंत हो तुम्ही?" आणि गेला.

औषध लागू पडलं म्हणायचं. तरी मला दिवसभर कसंतरीच होत होतं.

१२ जानेवारी २०२५

तासगावला मुलगी बघायला गेलो. रविराजनं ठरवलं होतं. मुलगी दीपमाला, औषधशास्त्र शिकलेली. बापाची बेदाण्याची शेड आहे. माणसं चांगली. शिवतेजला 'सल्लागार' म्हणून ओळखतच होती.

मुलीच्या बापानं विचारलं, "पुढं काय, पुण्याला जायचा इचार हाय का?"

"होय," शिवतेज म्हणाला.

"मग हितली बाग?"

"होय."

"न्हाई म्हंजे, हितंच ऱ्हानार का पुण्याला?"

"होय."

मी मधेच हसून घेतलं. म्हटलं, पोरगं लाजतंय. मग मुलीच्या चुलत्यानं गमतीनं विचारलं, "दारूबिरू घेता काय पाव्हणं?" आणि हा म्हणाला, "होय." पोह्यांच्या बशा हातात धरून सगळे एकमेकांकडं बघायला लागले. ह्यानं जन्मात सोडा घेतला नाही.

दीपमालानं दोघांना बाहेर अंगणात बोलू द्या म्हणून सांगितलं. पाच मिनिटांत परत आली ती थेट माझ्यापुढं. "काका, ह्यांचे हात बघितलेत का तुम्ही? कुठलं औषध चालू आहे? मी विचारलं, तुमच्यावर जबरदस्ती झाली का, तर होय म्हणाले. मी विचारलं, माझ्याशी लग्न करायचंय का, तरी होयच म्हणाले. ह्यांना दवाखान्यात न्या. लग्नाचं नंतर बघा."

आगाऊ पोरगी! बापाच्या देखत पाहुण्यांना शिकवते. गाडीत मी म्हणालो, "बरं झालं फिसकटलं, असली सून नकोच." शिवतेज म्हणाला, "होय पप्पा." क्रांती मागच्या सीटवर रडत होती.

२८ जानेवारी

हे आजच्या तारखेलाच लिहून ठेवतो. उद्या धीर होणार नाही.

रस्त्याकडच्या ओळीत घडांवर भुरी दिसली. पांढरी पावडर धरली होती. माल महिन्याभरात काढणीला येणार आणि आत्ता भुरी! माझा तोल गेला. शिवतेजला म्हणालो, "दिसलं न्हाई व्हय रं तुला? सल्लागार म्हणं! तोडून टाक जा सगळी ओळ, म्हंजे मिटलं एकदाचं!"

"होय पप्पा."

आमच्यात असं बोलतातच. माझा बाप मला रोज सांगायचा, जा, विहिरीत उडी टाक जा. घराला आग लाव म्हणायचा. मी कधी लावली नाही. ऐकायचं, दोन शिव्या मनात घालायच्या आणि आपल्या कामाला लागायचं, अशी आमच्याकडं रीत आहे.

मी डेअरीला जाऊन तासाभरानं आलो. बावीस वेली होत्या त्या ओळीत. बावीसच्या बावीस बुडातनं कापलेल्या. वरच्या तारांवर घड तसेच लोंबत होते, पानंसुद्धा अजून सुकली नव्हती. शिवतेज ओळीच्या टोकाला करवत धरून ताठ उभा. तळहात फाटून रक्त वाहत होतं, त्याचं त्याला भान नव्हतं.

"झालं पप्पा," तो म्हणाला. "पुढची ओळ घेऊ का?"

ह्या वेली त्यानं स्वतः लावलेल्या. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना. प्रत्येकीचा खुंट त्यानं स्वतः भरलेला, म्हणजे जंगली रोपावर कलम बांधलेलं, आणि कुणी धक्का लावला तर भांडायला उठायचा.

मी करवत काढून घेतली. मला एवढंच सुचत होतं की सकाळी मी ओळ म्हणालो. आमच्या बागेत विहीर पण आहे. मी विहीर म्हणालो असतो तर?

मातीत बसून रडलो. एकसष्ट वर्षांचा माणूस. तो बाजूला उभाच होता, बस म्हणून सांगेपर्यंत बसला नाही.

२९ जानेवारी

परत डॉ. आम्रपाली. मला वाटलं बाई आता मला धुणार. "मी सांगितलं होतं ना," एवढं तरी म्हणायला पाहिजे होतं. तेवढंही म्हणाल्या नाहीत. त्याचंच जास्त लागलं.

शिवतेज आत तास-दीड तास होता. मग बाईंनी मला आणि क्रांतीला बोलावलं. "तिथं 'नाही' म्हटलं की पट्ट्याचं बटण दाबायचे. मित्राचे फोटो दाखवून ओकारीचं औषध द्यायचे. होय म्हटलं की सगळं थांबायचं. म्हणून ते होय म्हणतात. ह्या गोळ्या एकदम बंद करता येणार नाहीत, हळूहळू कमी करू. दर आठवड्याला आणा."

मी विचारलं, "किती दिवसांत पहिल्यासारखा होईल?"

"ते आज सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. "पहिल्यासारखाच होईल असंही सांगत नाही."

क्रांतीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बाईंना म्हणाली, "म्याडम, मी रोज आनते."

५ फेब्रुवारी

केंद्रावर गेलो. युनिफॉर्म घालून जाणार होतो, क्रांती म्हणाली, "त्याची तरी आब्रू ठेवा."

आचार्यांना मी आमच्या बराकीतल्या सगळ्या शिव्या दिल्या. ते डोळे मिटून ऐकत राहिले. संपल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सुभेदारसाहेब, तुमच्या रागाला मी क्षमा केली."

मला! क्षमा केली! दुधातली माशी काढून टाकावी तसा झालो. मग त्यांनी फॉर्म दाखवला. 'सर्व उपचार पालकांच्या संमतीने.' खाली माझी सही, झोकदार, हुद्द्यासकट. ह्या खेपेला चष्मा होता, सगळं स्वच्छ वाचता आलं.

येताना कराडला रविराजकडं थांबलो. तो म्हणाला, "दाजी, झालं गेलं गंगेला मिळालं. आपण सगळ्यांनी एकमेकांला माफ करून टाकू." ज्याचं काही गेलं नाही तो माफी वाटायला सगळ्यांच्या पुढं. मी घरी येऊन हे सांगितलं, तर क्रांती म्हणाली, "तो तुमच्याकडनंच शिकला आसंल." सोहळ्याचा व्हिडिओ ग्रुपवरनं काढायला गेलो. आता तो निघत नाही, लय दिवस झाले म्हणे.

पोलिसात तक्रार दिली. सही कुणी केली होती म्हणून साहेबांनी विचारलं. मी केली म्हणालो. त्यांनी ते पण लिहून घेतलं.

२० फेब्रुवारी

क्रांतीनं मल्हारला फोन केला होता. आला. मी दारातच होतो. म्हणालो, "ये बाळ."

"काका, मी तुमच्यासाठी आलो न्हाई," तो म्हणाला आणि आत गेला.

डॉक्टरणीनं सांगितल्याप्रमाणं पहिल्या दिवशी तो शिवतेजला दिसणार नाही असा पाठीमागं बसला. मातीचे नमुने आणले होते, ते चाळत बसला. शिवतेजचे खांदे ताठ झाले, पण ओकला नाही. मी दोघांना चहा केला. आयुष्यात पहिल्यांदा. पत्ती आणि साखरेचं प्रमाण चुकलं असावं, दोघांनीही अर्धाच घेतला.

१५ मार्च

मल्हार आता समोर बसतो. काल म्हणे शिवतेज त्याच्याकडं बघून जरा हसला. मी नव्हतो. माझ्यासमोर अजून "होय पप्पा".

मला माफी मागायची आहे. कशी मागायची तेच कळत नाही. साहेबाची मागता येते, देवाची मागता येते. बापानं पोराची मागायची पद्धत आमच्यात कुणी घालूनच दिलेली नाही. माझ्या बापानं मला चाबकानं फोडलं होतं, नंतर आठ दिवस मला जास्त तूप वाढलं. तीच त्याची माफी. मी शिवतेजला तूप वाढून बघितलं. "आणखी घेणार?" म्हटलं. होय म्हणाला. पोट फुगेपर्यंत होय म्हणत राहिला, शेवटी क्रांतीनं तुपाचं भांडं उचललं.

मी तिला विचारलं, "पाया पडू का त्याच्या?"

"नगा. थोरल्यानं धाकट्याच्या पाया पडलं की त्याचं आयुष्य कमी हुतंय म्हंत्यात. आदीच तुमी लय कमी केलंय."

असं बोलते.

९ एप्रिल

मला येतं ते एकच. अर्ज लिहिला. तीन वेळा लिहिला, चौथा पक्का केला. शिवतेजला पडवीत बसवून मी समोर उभा राहिलो आणि वाचला. इथं उतरवून ठेवतो.

'प्रति, श्री. शिवतेज. विषय: क्षमा मिळणेबाबत. महोदय, मी खाली सही करणार, तुमचा बाप, विनंती अर्ज करतो की, तुम्ही खरं सांगितलं आणि मी त्याला रोग समजलो. मी उपाशी आहे असं खोटं सांगून तुम्हाला पाठवलं, त्या काळात मी गोठ्यात शेंगा खात होतो. फोटो कुणाचे ते विचारलं नाही. मनगटावरचे डाग दिसले, तरी थंडीवर घातलं. तुमच्याकडनं पाय धुवून घेतले आणि ते मला आवडलं. मला लोकांचं भ्या होतं. तक्रार दिल्यावर लोकांना कळलं, आणि लोकांनी काहीच केलं नाही, जो तो आपापली बाग फवारतोय. तरी मेहेरबानांनी क्षमा करावी ही विनंती. आपला, सुभेदार लालासाहेब (निवृत्त).'

तो ऐकत होता. मग त्यानं कागद मागून घेतला, आपला आपण परत वाचला. हात अजून थरथरतात, त्यामुळं कागद वाजत होता.

"करतोस का रं क्षमा?" मी विचारलं.

विचारलं आणि जीभ चावली. आता हा होय म्हणणार. होय म्हणाला तर ते माझ्या पोराचं आहे का त्या पट्ट्याचं, हे मला मरेपर्यंत कळणार नाही. मनातल्या मनात भैरोबाला म्हटलं, एवढा एक होय नको.

त्याच्या कपाळावर घाम आला. उजव्या हातानं त्यानं डावं मनगट घट्ट धरलं.

"नाही," तो म्हणाला.

"आं?"

"नाही पप्पा. नाही करत."

मी जो ओरडलो! "क्रांते! आगं ये, न्हाई म्हणालं! पोरगं न्हाई म्हणालं!" ती लाटणं घेऊनच पळत आली. मी त्याला मिठी मारायला गेलो, तर त्यानं हात पुढं करून मला अडवलं, आणि त्याचासुद्धा मला आनंदच झाला. क्रांती त्याच्या पायाशी बसून रडायला लागली. मी डॉक्टरणीला फोन केला, मल्हारला फोन केला, शेजारच्या वस्तीवर जाऊन सांगितलं. त्यांना काय कळलं देव जाणे, पण त्यांनी चहा पाजला.

मल्हार तासाभरात आला. दोघं आता मागं मांडवाखाली बसलेत. बोलण्याचा आवाज इथंपर्यंत येतोय, दोघांचाही.

आणि मी इथं लिहायला बसलो, तेव्हा कुठं डोक्यात शिरलं की ते 'नाही' मलाच होतं. त्यानं मला माफ केलेलं नाही. त्याचं बरोबर आहे. पण लय लागलं.